गॅदरिंगनंतरही टिकणारा बँड

शाळेतले बहुतेक बँड डिसेंबरच्या गॅदरिंगसाठी जमतात आणि जानेवारीत मोडतात. दोन गाणी बसवली, टाळ्या घेतल्या, फोटो काढले, की सराव परीक्षा दारात उभी. हौसेपुरतं तेवढं पुष्कळ झालं, त्यात कमीपणा काही नाही. पण मांडव उतरल्यावरही ज्यांचे हात शिवशिवत राहतात आणि आपण वाजवतोय ते दुसऱ्याच कोणासारखं का वाटतं असा प्रश्न ज्यांना पडायला लागलाय, त्या चौघापाच जणांसाठी हे लिहितोय. त्यांच्या आईबाबांनी वाचलं तरी चालेल. विजेचा आणि कानांचा भाग तर त्यांनी वाचावाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘चला, आपला आवाज शोधू या’ म्हणून बसलं तर बँडचा आवाज सापडत नाही. जे जमत नाही, त्याच्या कडेकडेने वाट काढताना तो घडतो. म्हणून शाळेतले सगळ्यात तयारीचे वादक गोळा करायच्या मागे लागू नका. दर आठवड्याला न चुकता येणारे, दुसऱ्याचं ऐकणारे आणि चुकल्यावर हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारे चौघे मिळाले, तर पुढचं सगळं करता येतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण डब्लिनचं आहे. माउंट टेंपल शाळेतल्या लॅरी मलन या चौदा वर्षांच्या ड्रमवाल्या मुलाने १९७६ च्या सप्टेंबरात शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावली: बँड काढायचाय, कोण येतंय? मुलं जमली ती लॅरीच्या घरी, स्वयंपाकघरात. अॅडम क्लेटनकडे बास गिटार होती, बोलण्यात संगीतवाल्यांचा रुबाब होता, पण वाजवता फारसं येत नव्हतं. पॉल ह्यूसनला, म्हणजे पुढच्या बोनोला, गिटार वाजवायची होती. ती यथातथाच येत असल्यामुळे तो गायक झाला. डेव्हिड एव्हन्स, म्हणजे पुढचा एज, आणि त्याचा भाऊ डिक यांनी घरीच एक गिटार बनवली होती. शाळेतल्या शिक्षकांनी सरावाला जागा दिली. लोकप्रिय गाणी हुबेहूब वाजवायचा प्रयत्न या मुलांनी केला, पण ते नीट जमेना. मग स्वतःची गाणी लिहिणंच सोपं पडलं.

१९७८ मध्ये डिक बाहेर पडला. त्याच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्याच्यासह सगळे आधी दुसऱ्यांची गाणी वाजवत होते. डिक वाजवता वाजवता मंचावरून उतरून गेला आणि उरलेले चौघे नंतर ‘यू टू’ या नव्या नावाने स्वतःची गाणी घेऊन आले. आता गिटार एकच उरली होती. एजने ‘मेमरी मॅन’ नावाचं, स्वर मागून पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र घेतलं आणि त्या परतणाऱ्या स्वरांच्या मधल्या फटींत पुढचा स्वर टाकायला तो शिकला. एक माणूस कमी, बोटांना वेगाची फार सवय नाही, आणि हाताशी एक यंत्र. जगभर ओळखला जाणारा तो गिटारचा आवाज यातून आला.

बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट याहून कठोर. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, पुढे तारा ढिल्या करून गिटार खालच्या सुरात लावली. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा जड, दबलेला आवाज आणि त्याच्या मागोमाग आलेलं सगळं हेवी मेटल त्या दोन बोटांचं देणं लागतं.

तुमच्यावर असलं काही ओढवायची गरज नाही. पण तुमच्यात काय कमी आहे याची यादी पहिल्याच दिवशी करा आणि ती लपवू नका.

कोणी काय वाजवायचं

चार मुलं जमली की त्यांतल्या तिघांना गिटार हवी असते. हे सगळीकडेच होतं. शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीजमध्ये अॅलेक्स टर्नर आणि जेमी कुक यांना २००१ च्या नाताळात गिटारी मिळाल्या, आणि मॅट हेल्डर्स ड्रमवर बसला कारण उरलं होतं तेवढंच. आज त्याचं ड्रमवादन ही त्या बँडची खूण आहे. पॉल मॅकार्टनीही मूळचा गिटारवाला. स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये बीटल्स सोडून गेल्यावर बास कोणी तरी घ्यायलाच हवी होती, ती त्याच्या गळ्यात पडली. तेव्हा तिसऱ्या गिटारवाल्याने रुसू नये. बासला चार तारा, बहुतेक वेळा एका वेळी एकच स्वर, आणि बँडमध्ये सगळ्यात जास्त मागणी.

आपल्याकडची एक सोय परदेशातल्या मुलांना नसते. वर्गात कोणी तरी तबल्याच्या क्लासला जात असतं, कोणी ढोल-ताशा पथकात असतं, कोणी पेटी शिकलेलं असतं. या मुलांना ‘रॉक येत नाही’ म्हणून बाजूला ठेवू नका. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका ज्याच्या हातात बसलाय त्याला रॉकचा चार ठोक्यांचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. एकच सवय बदलावी लागते: आपण जोर समेवर देतो, रॉकमध्ये स्नेअरचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. आठवडाभर चालताना, जिना चढताना दोन आणि चारवर टाळी द्यायची, म्हणजे अंगात भिनतं. ताशावाल्या मुलाच्या मनगटात तर स्नेअरला लागणारं जवळजवळ सगळं आधीच असतं. त्याला शिकवायचं ते थांबायला.

पेटी शिकलेली मुलगी कीबोर्डवर बसली तर तिला दोन गोष्टी सांगा. कीबोर्डमधले तयार ठेके बंद. आणि डाव्या हाताने खालचे स्वर धरायचे नाहीत, तिथे बास राहते.

गाण्याची पट्टी ठरवताना भांडणं होतात. गाणं शिकलेली मुलगी म्हणणार, माझी काळी चार. गिटारवाल्याचा चेहरा पडणार, कारण त्याला मोकळ्या तारांच्या कॉर्ड पांढरी दोन, तीन, पाच, सहा अशा पट्ट्यांमध्ये सोप्या जातात. उत्तर दीड-दोनशे रुपयांच्या कापोत, म्हणजे गिटारच्या दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्यात, आहे. पहिल्या फ्रेटवर कापो लावून जी पट्टीच्या कॉर्ड वाजवल्या की काळी चार मिळते. तिथेच एच्या कॉर्ड वाजवल्या की काळी पाच. पट्टी नेहमी गायकाच्या गळ्याने ठरवायची. आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो, तेव्हा मार्चमध्ये बसलेली पट्टी दिवाळीत बसेलच असं नाही. ती बदलायला लाजू नका आणि फुटलेल्या आवाजाला ताणू नका.

जागा, वीज आणि कान

सोसायटीच्या फ्लॅटमध्ये खरे ड्रम वाजवणं विसरा. पहिले काही महिने काहोन, म्हणजे ज्यावर बसून पुढची फळी वाजवतात तो लाकडी खोका, आणि एखादी ढोलकी पुरते. बाकीच्यांना दहा-पंधरा वॉटचा छोटा अॅम्प खूप झाला. बास मात्र गिटारच्या लहान अॅम्पमधून मोठ्याने वाजवू नका, स्पीकर फाटतो. महिन्यातून एकदा पैसे काढून जॅम रूम घ्या. मुंबई-पुण्यात त्या तासावर मिळतात, ड्रम आणि अॅम्प तिथेच असतात. तासाचे पैसे भरून तिथे गाणं शिकत बसायचं नसतं. गाणं घरी बसवून न्यायचं, जॅम रूममध्ये फक्त एकत्र वाजवायचं.

घरी सराव करायचा तर वरच्या आणि खालच्या मजल्यावर आधी स्वतः जाऊन सांगा: कोणत्या वारी, किती ते किती. न सांगता वाजवलेल्या अर्ध्या तासापेक्षा सांगून वाजवलेले दोन तास शेजारी सहन करतात. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सेक्रेटरी काकांना हे माहीत असतंच. तुम्हालाही माहीत असू द्या.

आता वीज. याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. एकाचं अर्थिंग नीट नसेल तर हात तारांवर असताना ओठ माइकला लागताच झटका बसतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात असाच गेला. म्हणून अॅम्प, मिक्सर, कीबोर्ड सगळं एकाच अर्थिंगवाल्या जोडणीवरून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून तो दोन भोकांत घुसवायची आपल्याकडची युक्ती इथे अजिबात नको. जुनी इमारत असेल तर वायरमनकडून एकदा अर्थिंग तपासून घ्या. पायात कोरड्या चपला हव्यात, आणि पावसाळ्यात गच्चीवरच्या पत्र्याखाली सराव नको. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाही तर जुलैत दर पंधरा दिवसांनी गंजतील.

कानांचं गणित सरळ आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम आणि दोन अॅम्प सुरू झाले की शंभर सहज होतात. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळेसुद्धा कामाचे आहेत. सरावानंतर कानात शिटी वाजत असेल तर आज जास्त झालं असं समजा.

एकमेकांना ऐकणं

आवाज सापडण्याचा भाग इथे सुरू होतो, आणि तो वाद्यांना हात न लावता सुरू होतो. प्रत्येकाने आपली तीन आवडती गाणी आणायची. एकत्र बसून, मोबाइल बाजूला ठेवून ऐकायची. नंतर ‘भारी आहे’ म्हणायला बंदी. काय भारी आहे ते नेमकं बोला: दुसऱ्या कडव्याला बास थांबते, ध्रुपदात गायक उलट हळू होतो, ड्रमवर झांजच नाही. पंधरा गाण्यांतून अशा वीस-पंचवीस गोष्टी निघतील. त्यांतल्या दोनच निवडा. सगळ्या घ्यायला गेलात तर एक ना धड भाराभर चिंध्या.

मग वाजवायला घ्या, पण रॉकचं गाणं घेऊ नका. सगळ्यांना तोंडपाठ असलेलं काही तरी घ्या: शाळेची प्रार्थना, आरती, बालवाडीतलं बडबडगीत. रॉकचं प्रसिद्ध गाणं घेतलं की डोक्यात मूळ रेकॉर्डिंग वाजत राहतं आणि प्रत्येक जण त्याच्याशी स्वतःला ताडत बसतो. आरतीला गिटारचा ‘खरा’ भाग नसतो. जो वाजवाल तो तुमचाच. मेट्रोनोम लावून ते मिनिटाला ७०, मग १००, मग १४० ठोक्यांवर वाजवून पाहा. कोणत्या लयीला गाणं अचानक वेगळं वाटायला लागतं? एकदा गिटारशिवाय वाजवा, एकदा फक्त बास आणि आवाज. काही तरी वगळण्यातूनही नवं निघतं. चार्टरहाउस शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये जेनेसिस हा बँड काढला. त्याचा गायक पीटर गेब्रियल याने पुढे १९८० च्या आपल्या अल्बमसाठी ड्रमवाल्यांना झांजा वापरायची बंदीच घातली, आणि त्या बंदीमुळे ड्रमचा एक नवाच आवाज निघाला. तुम्हीही महिन्याला एक बंदी घाला. या महिन्यात डिस्टॉर्शन नाही. पुढच्या महिन्यात कोणाही दोघांनी एकाच वेळी सुरुवात करायची नाही. बंदी मोडायची खूप इच्छा होईल. महिना संपेपर्यंत मोडू नका.

सगळा सराव मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइल खोलीच्या मधोमध, कानाच्या उंचीवर ठेवा. त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका; सरावाच्या दिवशी आपण फक्त स्वतःच्याच चुका ऐकतो. दोन गोष्टी हमखास सापडतील. पहिली, ड्रमवाला जिथे भरणा करतो तिथे लय पळते. त्यावर उपाय म्हणून बास आणि ड्रम यांनी दोघांनीच अर्धा तास बसायचं, मेट्रोनोमचा आवाज फक्त ड्रमवाल्याच्या कानात, आणि पायाच्या ड्रमचा ठोका व बासचा स्वर एकाच क्षणी पडतोय का एवढंच पाहायचं. कंटाळवाणं आहे, पण बँडची निम्मी ताकद यातून येते.

दुसरी गोष्ट, गायकाचे शब्द ऐकू येत नाहीत. इथे एकच नियम: गायकाचा माइक वाढवायचा नाही, बाकीच्यांनी कमी करायचं. माइक वाढवला की शिटी, मग गिटारवाला वर, मग ड्रमवाला जोरात, आणि दहा मिनिटांत कोणालाच काही ऐकू येत नाही. आवाज कमी केल्यावरही सगळ्याचा लगदा होत असेल तर प्रश्न जागेचा आहे. बासची सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते, गिटारची ८२. त्याच पट्ट्यात कीबोर्डचा डावा हात आणि दोन्ही गिटारींच्या सहा-सहा तारा आल्या की कान काही वेगळं करू शकत नाही. दोन गिटारी असतील तर एकाने साधी जी कॉर्ड धरावी, दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कापो लावून डीचा आकार. कॉर्ड तीच, पण दुसरी गिटार वरच्या मोकळ्या जागेत जाते. आणि कोणी तरी गप्प बसायला शिकायला हवं. रॅडिओहेडचा जॉनी ग्रीनवुड शाळेच्या दिवसांत सगळ्यात लहान म्हणून बँडमध्ये आला. आपण मोठ्यांचं बिघडवू नये म्हणून कित्येक दिवस तो कीबोर्ड बंद ठेवून नुसती बोटं फिरवायचा, असं तो स्वतः सांगतो. आणि गायक थॉम यॉर्कला वाटायचं की त्यामुळे गाण्याला छान पोत येतोय! तेवढं नको. पण एखाद्या कडव्याला काहीच न वाजवणं हेही वाजवणंच आहे.

या सगळ्यात एखाद्या क्षणी कोणी तरी म्हणेल, ‘अरे, आत्ता काय केलंस? परत वाजव.’ मोबाइलमधला तो तुकडा कापून वेगळा ठेवा. असे दहा-बारा तुकडे जमले की ओळीने लावून ऐका. त्यांत काही तरी सारखं असतं: मोकळ्या तारा, एखादी अडखळती लय, दोघांचे आवाज एका विशिष्ट अंतरावर. तेच धरून पुढे चला.

आपले शब्द

मुंबईच्या रॉक मशीन या बँडने ऐंशीच्या दशकात दुसऱ्यांची गाणी वाजवत नाव मिळवलं, मग १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि पुढे ‘इंडस क्रीड’ झाल्यावर तबल्यासारख्या वाद्यांनाही जागा दिली. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ने अशा कितीतरी बँडना मंच दिला. गोव्यात रेमो फर्नांडिसने १९८४ चा ‘गोअन क्रेझी’ शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने केला. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच्यापेक्षा जास्त ट्रॅक आहेत. तेव्हा सामान नाही ही सबब चालणार नाही.

इंग्रजीत लिहायचं की मराठीत, यावर माझा आग्रह नाही. आग्रह एवढाच की जे बोलत नाही ते गाऊ नका. आर्क्टिक मंकीज आपल्या शेफिल्डच्या बोलीतच गायले, टॅक्सीची रांग आणि क्लबच्या दारातला रखवालदार यांच्याविषयी. त्यांचा पहिला अल्बम २००६ च्या जानेवारीत आला आणि ब्रिटनमध्ये तोपर्यंतच्या कुठल्याही पदार्पणाच्या अल्बमपेक्षा वेगाने खपला. मराठी रॉक गाणी लिहिणारी मुलं मात्र का कोण जाणे, लगेच ‘अंधारलेल्या वाटा’ आणि ‘जळत्या श्वासां’कडे वळतात. नववीतल्या मुलाचा श्वास जळत नसतो. त्याची बस चुकलेली असते.

सुरुवातीला साचा हवा असेल तर अभंगाचा घ्या. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. वानगीदाखल:

शेवटची बस
डेपोतून गेली
पावसात ओली
वही माझी

रॉकच्या चार ठोक्यांचे आठ अर्धे ठोके होतात. सहा अक्षरं सहा अर्ध्यांवर टाकली की दोन अर्धे श्वासाला उरतात, आणि चौथ्या चरणानंतर तर निम्मं आवर्तन रिकामं. तिथे गिटारचं उत्तर बसतं. शेकडो वर्षं टाळ-मृदंगाने जी जागा भरली, तीच तुम्ही रिफने भरणार. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड अभंगांना गिटार आणि बासवर घेतो, तो ऐका. नक्कल करू नका, फक्त जागा कशा वापरल्यात ते पाहा.

मैत्री आणि हिशेब

नावावर वेळ घालवू नका. ‘यू टू’ आधी ‘फीडबॅक’ होते, मग ‘द हाइप’. रॅडिओहेडचं शाळेतलं नाव ‘ऑन अ फ्रायडे’ होतं, कारण सराव शुक्रवारी असायचा.

श्रेयाचं मात्र पहिलं गाणं झाल्याबरोबर ठरवा. ‘यू टू’चं संगीत चौघांच्या नावावर जातं. क्वीनमध्ये आधी ज्याचं गाणं त्याचं नाव असायचं. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी बँडच्या नावावर लावली. तुमच्या वयात हीच पद्धत बरी, सगळं सगळ्यांचं. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आपल्या कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो, तेव्हा हे वाटतं तेवढं पोरकट नाही. दुसऱ्याचं गाणं शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे वाजवायला कायद्यात सूट आहे. तेच रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकणं हा निराळा मामला.

पैशांची वही एकाकडे, गाण्यांची दुसऱ्याकडे. आणि चिठ्ठी लावली म्हणून कोणी मालक होत नाही. त्या स्वयंपाकघरात बँड आपला होता तो जेमतेम दहा मिनिटं, मग बोनो आला, असं लॅरी मलन गमतीने सांगतो.

मंचावर

पहिल्या कार्यक्रमाला दोन गाणी पुरे; एक सगळ्यांच्या ओळखीचं, एक तुमचं. तुमचं आधी वाजवा, नंतर पोरांचं लक्ष उडतं. आठवडाभर आधी साउंडवाल्या काकांना एका कागदावर कोण कुठे उभं राहणार आणि कोणाला काय लागणार ते काढून द्या. माइक नेहमी मोठ्या स्पीकरच्या मागे, पुढे आला की शिटी. तारा मंचामागे लावून घ्या आणि दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा लावायला अर्धं मिनिट ठेवा. त्या वेळात काय बोलायचं तेही ठरवा. पांढऱ्या दिव्यांखाली लय वाढतेच, म्हणून ड्रमवाल्याने सराव होता त्यापेक्षा जरा सावकाशच मोजून सुरुवात करावी.

दहावीनंतर कोणी पुण्याला जाईल, कोणी लातूरला क्लासला, हे आत्ताच धरून चाला. रॅडिओहेडचे चौघे १९८७ नंतर वेगवेगळ्या विद्यापीठांत पांगले, पण सुट्टीत घरी आले की सराव चालूच होता. करार मिळाला तो १९९१ मध्ये. यासाठी गाण्यांची वही नीट हवी: गाण्याचं नाव, पट्टी, कापो कितव्या फ्रेटवर, मिनिटाला किती ठोके, सुरुवात कोण करतो, शेवट कसा. तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि जो दूर आहे त्याला दर महिन्याला एक तुकडा पाठवा, त्याने त्यावर आपला भाग वाजवून परत पाठवावा. दिवाळीच्या सुट्टीत सगळेच आपापल्या गावी परततात, तेव्हा जॅम रूम भरलेल्या असतात. आठ-दहा दिवस आधी वेळ राखून ठेवा आणि नव्या तारा आदल्या दिवशीच चढवा. ताणून स्थिर व्हायला त्यांना एक रात्र लागते.